सैल तार
त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्यांवर मुलांसमवेत धावण्याचा सराव करताना माझा घोटा मुरगळला. दोन आठवड्यांची विश्रांती सांगितलेली. चौथ्याच दिवशी पट्टी बांधून मैदानावर उभा राहिलो. सूज पुन्हा चढली. ती शिस्त होती की पन्नाशीतला अहंकार, कोण जाणे!

चंपानगरीच्या सोणाची कथा वसतिगृहात मीच अनेकदा सांगितलेली. चंक्रमण करून त्याचे तळवे रक्ताळले, तेव्हा तथागतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला. शिवाय एकतळी पादत्राणांची अनुमतीही दिली, असे विनयपिटकात आहे. हा तपशील मी वर्गात नेहमी गाळत आलो.

आता पहाटे कट्ट्यावर बसूनच शिट्टी वाजवतो. परवा एका लंगडणाऱ्या मुलाला प्रथमच थांबवून विचारले, "बाळा, कधीपासून दुखते आहे?"

"सहामाही परीक्षेपासून, सर."