येणाऱ्या सायकलींविषयी, ऐकीव

मराठीतील 'म्हणे' या शब्दाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. मुळात ते क्रियापद. परंतु ऐकीव गोष्ट सांगताना ते कर्त्याची वाट पाहत नाही. 'यंदा पाऊस लांबणार म्हणे' या वाक्यात म्हणणारा कोण, हे कोणी विचारत नाही आणि विचारले तरी सांगता येत नाही. 'लोक म्हणतात' यात निदान लोक तरी असतात. 'म्हणे'मध्ये तेही नाहीत. हेच क्रियापद तुकोबांच्या अभंगाच्या अखेरीस नावानिशी येते तेव्हा ती साक्ष होते. नाव गळाले की उरते ती अफवा. संस्कृतातील 'किंवदन्ती' तर उघडच एक प्रश्न आहे: काय म्हणतात?

गेली तीनेक वर्षे आमच्या घरात 'म्हणे'चा वापर अतोनात वाढला आहे, आणि त्याला कारण विजेरी माउंटन बाइक. म्हणजे डोंगरवाटांसाठी बांधलेली, जाड टायरांची, पुढेमागे धक्के शोषणारी सायकल, जिच्या पेडलांपाशी मोटर असते. पाय मारले तरच ती साथ देते; पाय थांबले की तीही थांबते. या सायकलींची पुढची मॉडेले कधी येतील, मोटर कोणाची असेल, बॅटरी केवढी असेल, याविषयी आमच्या भोवतालची माणसे अखंड बोलत असतात, आणि आम्ही नुसते ऐकत असतो असे नाही. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटेल. पण यंदा संमेलनाध्यक्ष कोण, अमुक लेखकाची कादंबरी या वर्षी तरी येणार का, अशा चर्चांत आणि न आलेल्या कादंबरीविषयी ठाम मते देण्यात ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना हा आपल्याच ज्ञातीचा व्यवहार आहे हे लगेच कळावे.

आम्ही दोघे पुष्कळ वर्षांपासून दक्षिण जर्मनीतील ट्युबिंगेनला राहतो. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हे गाव रुडॉल्फ रोट यांच्यामुळे ठाऊक असते. सेंट पीटर्सबर्ग कोशाचे ते एक कर्ते, आणि ते येथे अध्यापक होते. सायकलवाल्यांच्या लेखी या भागाचे महत्त्व वेगळे आहे. शेजारच्या रॉयटलिंगेनच्या परिसरात बॉशचा विजेरी सायकलींचा विभाग आहे, आणि दक्षिणेला स्वाबियन आल्ब हा चुनखडीचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. त्यातला ८६९ मीटर उंचीचा रोसबेर्ग हा आमचा नेहमीचा. सिंहगड दिसेल अशा अंतरावर वाढलेल्या माणसांना कोठेही गेले तरी असा एक डोंगर लागतोच.

२०२२ साली आमच्यापैकी एकाच्या हृदयात स्टेंट बसला. कोणाच्या, हे येथे महत्त्वाचे नाही. सायकल सोडू नका असे डॉक्टरांनी बजावले. नाडी मिनिटाला १२५ च्या वर जाऊ देऊ नका असेही बजावले. आणि रोसबेर्ग त्या मर्यादेत, मोटरीवाचून चढण्याचे आमचे वय राहिलेले नाही. पुढच्या वसंतात घरात मोटरीची सायकल आली. करोनाच्या काळात सायकलींचा दुष्काळ पडला होता, मग रखडलेला माल एकदम येऊन २०२३ साली दुकाने भरून वाहू लागली होती, त्यामुळे सवलतही बरी मिळाली. तेव्हापासून एक मोटरीवर आणि एक आपल्या पायांवर अशी आमची जोडी डोंगर चढते. दुसऱ्या सायकलीचे काय, हा प्रश्न घरात तेव्हापासूनच आहे.

आमचे एक शेजारी लॅटिनचे निवृत्त शिक्षक आहेत. वय एकाहत्तर. आमच्या ऐकीव माहितीचा मोठा वाटा त्यांच्याकडून येतो. जर्मन भाषेत 'म्हणे'चे काम 'झोलेन' हे सहायक क्रियापद करते. 'नवे मॉडेल दोन किलोंनी हलके असणार म्हणे' हे सांगताना ते 'झोल' म्हणतात. आता 'झोल' या ध्वनीला मराठी कानात जो अर्थ आहे तो मनात आल्यावाचून राहत नाही, पण त्याहून मौजेची गोष्ट अशी की हेच क्रियापद कर्तव्यही सांगते. ते मॉडेल हलके आहे असे लोक म्हणतात, आणि ते हलके असायला हवे, ही दोन्ही विधाने जवळजवळ एकाच साच्यात बसतात. मराठीलाही हे अपरिचित नाही. 'ते हलके असावे' यात तर्क आहे की इच्छा, हे वाक्यावरून सांगता येत नाही, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून सांगावे लागते. अफवेचे व्याकरण शोधायचे तर ते येथे आहे, असे आम्हांला वाटते.

मराठीने या व्यवहारासाठी शब्दांची चांगलीच तरतूद केली आहे, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. दुकानदार एखाद्या मॉडेलची नवी मागणी नोंदवून घ्यायला का-कू करू लागला की लागते ती कुणकुण. पेटंटच्या अर्जातील आकृत्या कोणीतरी हुडकून काढतो आणि त्यांवरून जी पसरते ती वदंता. तिला कागदाचा आधार असतो, कारण असे अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात, पण आकृती काढलेली प्रत्येक वस्तू जन्माला येतेच असे नाही. शर्यतीत एखाद्या खेळाडूच्या सायकलीवर मोटरीची जागा काळ्या कापडाने झाकलेली दिसते, ती हूल. लपवले आहे हे दिसावे म्हणूनच ते लपवलेले असते. आणि कंडी पिकवली जाते. पिकवणारा पुष्कळदा विकणाराच असतो. उरल्या वावड्या, ज्या मुळात पतंगच आणि वारा असेल तोवर उडतात.

जुलै २०२४ मध्ये फ्रांकफुर्टच्या युरोबाइक प्रदर्शनात या साऱ्या कारभाराला मोठाच धक्का बसला. ड्रोनसाठी ख्यात असलेल्या शेंझेनच्या डीजेआय कंपनीने ॲव्हिनॉक्स ही मोटर आणि तिच्यावर चालणारी ॲमफ्लो ही सायकल मांडली. मोटरीचे वजन अडीच किलोंच्या आसपास. जोर १०५ न्यूटन-मीटर, थोड्या वेळापुरता १२०. त्या वेळी बॉशची डोंगरी मोटर ८५ वर होती. सायकलीच्या धंद्यात ज्यांचे नावही नव्हते त्यांनी पहिल्याच खेपेला हे करावे, हे आमच्या शेजाऱ्यांना पसंत पडले नाही. ती सायकल पाहण्याआधीच त्यांचे मत तयार होते: सुटे भाग मिळणार नाहीत. मग एप्रिल २०२५ मध्ये स्पेशलाइज्डची चौथ्या पिढीची लेव्हो आली, १०१ न्यूटन-मीटर आणि ८४० वॉट-तासांची बॅटरी घेऊन. २०१५ साली पहिली लेव्हो आली तेव्हा अशा सायकलीला सायकल म्हणावे की नाही यावर वाद होत. जानेवारी २०१६ मध्ये बेल्जियममधील झोल्डर येथे सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका तरुण खेळाडूच्या सायकलीत दडवलेली मोटर सापडली आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. त्याच सायकलिंग महासंघाने २०१९ साली कॅनडात विजेरी माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. मते बदलायला तीन-साडेतीन वर्षे पुरली. साहित्यात याहून पुष्कळ अधिक लागतात.

या चर्चांतील आमचा आवडता आकडा मात्र २५० आहे. युरोपीय नियमानुसार मोटरीची अखंड चालण्याची अंकित शक्ती २५० वॉटपेक्षा अधिक असू नये आणि ताशी २५ किलोमीटरला तिची साथ सुटावी. मग त्या वाहनाला सायकलच मानतात, नंबरपाटी लागत नाही. त्यामुळे प्रत्येक मोटरीवर २५० हाच आकडा लिहिलेला असतो. तीच मोटर चढावर काही क्षण त्याच्या दुपटी-तिपटीने, काही तर चौपटीने शक्ती देते, आणि ते सर्वांना माहीत असते. अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात अभिधा आणि व्यंजना यांचे इतके स्वच्छ उदाहरण सापडेल की आनंदवर्धनालाही हसू आले असते. २०२५ साली जर्मन सायकल-उद्योगाच्या संघटनेने या क्षणिक शक्तीलाही ७५० वॉटची मर्यादा असावी अशी भूमिका घेतली. त्यावरून पुन्हा नव्या अफवा: अमुक मोटरीवर बंदी येणार म्हणे, तमुक आताच घेऊन ठेवा. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात तर जंगलातल्या दोन मीटरांहून अरुंद पायवाटेवर, काही खास अपवाद वगळता, कोणतीच सायकल न्यायला परवानगी नाही. एवढ्या न्यूटन-मीटरांची मिजास करणारे यंत्र कायद्याने बैलगाडी जाईल अशा रस्त्यावरूनच जायचे!

ज्या गोष्टींची अफवा कधीच उठत नाही त्यांचीही एक यादी करायला हवी. आमच्या इमारतीचे तळघर चौदा पायऱ्या खाली आहे आणि सायकली तेथे ठेवतात. मोटरीची चांगली माउंटन बाइक बावीस ते पंचवीस किलोंची असते. डोंगर मोटर चढवते. चौदा पायऱ्या माणसालाच चढवाव्या लागतात, आणि स्टेंट बसलेल्या माणसाने तेवढे ओझे उचलू नये. २०२२ साली ट्रेकने फ्युएल ईएक्सई ही हलकी सायकल काढली, ५० न्यूटन-मीटरची लहान मोटर आणि ३६० वॉट-तासांची बॅटरी असलेली. आमच्यासारख्यांच्या उपयोगाची दिशा ती होती, पण तिच्याविषयी बोलणाऱ्यांच्या स्वरात एक प्रकारची करुणा असे. आकडा वाढणार ही बातमी होते. पायरी चढताना दम लागणार नाही ही होत नाही. तसेच जुन्या मॉडेलच्या बॅटरीचे. ती दहा वर्षांनी मिळेल का, याविषयी कोणी कंडी पिकवत नाही. एखादा कारखाना बुडतो तेव्हा हा प्रश्न सर्वांना एकदम आठवतो. जुलै २०२५ मध्ये वायटी इंडस्ट्रीज या जर्मन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्या आठवड्यात आमच्या शेजाऱ्यांनी चिनी मोटरीचे नाव काढले नाही.

पुढच्या मॉडेलच्या बातमीने आजचे मॉडेल पडून राहते, या प्रकाराला इंग्रजी व्यापारी जगात ऑस्बोर्न यांचे नाव आहे. ॲडम ऑस्बोर्न यांनी उचलून नेता येईल असा संगणक विकून नाव मिळवले. पुढच्या यंत्रांविषयी ते फार लवकर बोलले, गिऱ्हाईक थांबले आणि १९८३ साली कंपनी बुडाली, अशी कथा आहे. बुडण्याची कारणे आणखीही होती असे काही अभ्यासक सांगतात, म्हणजे ही कथाही थोडी 'म्हणे'च्या वर्गातलीच. फार थोड्यांना ठाऊक असते की हे ऑस्बोर्न रमण महर्षींचे शिष्य आर्थर ऑस्बोर्न यांचे चिरंजीव, तिरुवन्नामलैला वाढलेले, आणि २००३ साली कोडाईकनालला वारले. अरुणाचलाच्या पायथ्याशी, मौनाचे माहात्म्य सांगणाऱ्या गुरूच्या सहवासात बालपण गेलेल्या माणसाचे नाव अकाली बोलण्याच्या दोषाला मिळावे, हा योग कोणा कादंबरीकाराने जुळवला असता तर आपण त्याला नावे ठेवली असती. असो.

२०२५ च्या उन्हाळ्यात एक अफवा वेगळ्याच रीतीने खरी ठरली. बॉशची नवी, अधिक जोराची मोटर येणार असे शेजारी वर्षभर सांगत होते, आणि तीच ८५ ची मोटर आपण घाईने घेतली म्हणून हळहळत होते. बॉशने जाहीर केले ते असे की पाचव्या पिढीच्या त्याच मोटरीला सॉफ्टवेअर बदलून १०० न्यूटन-मीटर मिळतील. तळघरात भिंतीला टेकून उभी असलेली त्यांची सायकल एका संध्याकाळी नवे मॉडेल झाली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून आपल्या फळीवरच्या पहिल्या आवृत्तीत मजकूर वाढत नाही, येथे वाढला. शेजारी दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी ते पुढच्या वर्षीच्या बॅटरीविषयी बोलू लागले. आमची मोटर आधीच्या पिढीची, तिच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, आणि १२५ च्या नाडीला त्याची गरजही नव्हती.

या अफवा आम्ही एवढ्या आवडीने का ऐकतो, याचा विचार आम्ही स्वतंत्रपणे केला आणि बहुधा एकाच ठिकाणी पोहोचलो. आमच्यापैकी जो अजून आपल्या पायांनी चढतो त्याचा उजवा गुडघा गेल्या दोन वर्षांपासून दुखतो. मोटर घे, असे एकाने दुसऱ्याला म्हणणे कठीण आहे. त्यात पुष्कळ अनुक्त येते. 'आता तुझ्याच्याने होत नाही' हे वाक्य संसारात कोणी कोणाला उच्चारून सांगू नये. उलट 'पुढचे मॉडेल येऊ दे, अडीच किलोंनी हलके आहे म्हणे' हे वाक्य सन्मानाचे आहे. त्यात गुडघा नाही, वय नाही; त्यात चोखंदळ गिऱ्हाईक आहे. लॅटिनच्या मास्तरांचीही गोष्ट निराळी नसावी. मोटरीची सायकल घेण्याआधी चार वर्षे ते अशीच पुढच्या मॉडेलची वाट पाहत होते, आणि त्या चार वर्षांत त्यांच्या पत्नीने त्यांना एकदाही घाई केली नाही.

मागच्या ऑक्टोबरात रोसबेर्गच्या दुसऱ्या वळणावर बिनमोटरीची सायकल थांबली. यापूर्वी ती तेथे कधी थांबली नव्हती. मोटरवाली दहा पावले पुढे जाऊन उतरली, आणि उरलेला चढ आम्ही दोघांनी सायकली ढकलत पार केला. पंचवीस किलोंची सायकल ढकलणे हे काही सुखाचे काम नव्हे. वर पोहोचल्यावर आम्ही मोटरींविषयी अर्धा तास बोललो, नेहमीपेक्षा बारकाईने, वजनांसकट.

दुकानदाराला आम्ही चौदा पायऱ्यांची अडचण सांगितली आहे. मार्चमध्ये तो दोन हलकी मॉडेले घेऊन आमच्याकडे येईल. चढावर नव्हे, तळघराच्या जिन्यावर ती उचलून पाहायची आहेत. दोन्ही आज बाजारात आहेत. त्याने जाता जाता आणखी एका येणाऱ्या मॉडेलचे नाव सांगितले, ते आम्ही टिपून घेतले आणि मार्चचा दिवस कायम ठेवला.