मिरिनचा माग

रात्री वीज गेली की आमच्या गल्लीतली माणसं जागी होतात. शेजारच्या कारखान्यातले लूम खटखटत असतात तोवर तान्हं मूलही गाढ झोपतं. ते थांबले की सगळं घर कूस बदलायला लागतं. भिवंडीत वाढलेल्या माणसाला शांतता म्हणजे उशाशी कुणी येऊन बसल्यासारखी वाटते.

अशाच एका रात्री मी मोबाइलच्या उजेडात रिबेका रॉस यांची ‘अ रिव्हर एन्चान्टेड’ वाचत होते. कादंबरी २०२२ सालची. लेखिका अमेरिकन, पण तिचं केडेन्स नावाचं काल्पनिक बेट स्कॉटलंडच्या लोककथांवर उभं आहे. तिथे वारा, पाणी, माती, आग यांच्यात आत्मे राहतात. वाऱ्याच्या कानावर पडलेलं बोलणं बेटभर होतं, म्हणून लोक जपून बोलतात. मग लहान मुली एकेक करून नाहीशा होऊ लागतात, आणि दहा वर्षांनी बेटावर परतलेला जॅक हार्प वाजवून त्या आत्म्यांना बोलावतो. मला यातलं काही परकं वाटलं नाही. कामवारीच्या काठाने जाताना आजी माझं मनगट घट्ट धरायची आणि पाण्यातल्या आसरांचं नाव हळूच घ्यायची, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

जॅक आणि अडेराच्या प्रेमकथेत कादंबरी बराच वेळ रमते. मी मात्र अडकले ते जॅकच्या आईपाशी. मिरिन विणकर आहे. ती चौकड्यांचं लोकरी वस्त्र विणते आणि त्यात माणसाचं गुपित गुंफते. मग ते कापड पोलादासारखं चिवट होतं, अंगावर घेणाऱ्याला जपतं. पण या बेटावर जादू फुकट मिळत नाही. विणणाऱ्याच्या शरीरातून ती वसूल होते. प्रत्येक वस्त्रागणिक मिरिन थोडी खंगते. जॅक हार्प वाजवतो, त्यालाही त्याची किंमत मोजावी लागते.

स्कॉटलंडच्या धुक्यात, किनाऱ्यावर रमणारे वाचक पुष्कळ असतील. मला त्या पानांवर सूत दिसलं, आणि आई.

आईने वीस वर्षं घरी कांड्या भरल्या. कोनावरचं सूत मशीनवर फिरत्या कांडीवर गुंडाळत जायचं, कांडी भरली की काढायची, दुसरी लावायची, तुटलेला धागा दोन बोटांत धरून गाठ मारायची. भरलेली कांडी धोट्यात बसते, धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावतो आणि कापड पुढे सरकतं. कांडी संपली की लूम थांबतो. म्हणजे आईचे हात थांबले तर पलीकडचा कारखानाही थांबणार. संध्याकाळी तिच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरा पिंजलेला थर बसलेला असायचा. तो ती पदराने पुसायची. जो छातीत गेला तो पुसता आला नाही. डॉक्टर लोक कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. आमच्या घरी त्याला आईचा खोकलाच म्हणतात.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर बायका एकत्र बसून ओलं लोकरी कापड फळीवर आपटायच्या आणि आपटण्याच्या ठेक्यावर गाणी म्हणायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं आणि त्या गाण्यांचं घर मला एकच वाटतं. तिथल्या हॅरिस ट्वीडला तर १९९३ च्या कायद्याचं संरक्षण आहे: ते कापड बेटकऱ्याने स्वतःच्या घरी, हातमागावर विणलेलंच असलं पाहिजे. कापड कुणाच्या घरात विणलं गेलं, हे कायद्यात लिहून ठेवावंसं कुणाला तरी वाटलं, याने माझ्या पोटात कालवलं. आमच्या गल्लीतून टेम्पो भरभरून ताके जातात. कुठल्याही ताक्यावर घराचा पत्ता नसतो. आणि कांड्या भरताना गाणं? मशीनच्या घरघरीत आईची ओवी तिच्याच कानापर्यंत पोचत नसे. तिचे ओठ हलताना मात्र मी पाहिले आहेत.

त्या रात्री वीज बराच वेळ आली नाही. आई उठून बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “एवढं काय वाचतेयस गं?”

मी तिला मिरिनची गोष्ट सांगितली. गुपितं विणलेलं कापड, झिजत जाणारं शरीर, तरीही मागावर बसणारी बाई. आई लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिने हाताने ‘थांब’ म्हणून खूण केली, आणि उबळ ओसरल्यावर त्याच हाताने ‘पुढे सांग’.

गोष्ट सांगून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, ती म्हणेल की मिरिनला कुणी माग बंद कर असं सांगत नाही का.

“सगळं ती एकटीच करते?” आईने विचारलं. “मग तिच्या कांड्या कोण भरतं?”

मी मोबाइलच्या उजेडात मिरिनची पानं पुन्हा उलटायला लागले.