ऐन आणि शिसव

किनवटच्या जंगलात सागाच्या पंगतीला ऐन असतो. मगरीच्या पाठीसारखी चिरा पडलेली त्याची साल एकदा पाहिली की हे झाड पुन्हा ओळखायला अडचण येत नाही. ऐनाचं लाकूड तुळयांना, खांबांना लागलं, बैलगाडीला लागलं. ते राबायचं लाकूड. शिसवाचा थाट निराळा. शिसवाचा पलंग, शिसवाचा झोपाळा, वाड्यातल्या माजघरातली शिसवी पेटी. ही दोन झाडं एकमेकांसमोर उभी राहिलेली मला दिसली ती लातूर जिल्ह्यातल्या अहमदपुरात, पुतणीच्या मोबाइलवर, दोन इलेक्ट्रिक गिटारींच्या रूपात.

तिला स्ट्रॅटोकॅस्टर नमुन्याची गिटार हवी होती. पडद्यावर दोन होत्या. अंग तेच, कमरेचा बाक तोच, तारांखाली तेच तीन पिकअप. एकीच्या माथ्यावर ‘फेंडर’, दुसरीच्या माथ्यावर ‘स्क्वायर’. अमेरिकेत बनलेली पहिली दोन लाखांच्या घरात, दुसरी तीस हजारांच्या आसपास. जिथं बोटं फिरतात ती पट्टी पहिलीला शिसवाची, दुसरीला ऐनाची. गिटारच्या बाजारात त्याला ‘इंडियन लॉरेल’ म्हणतात.

“काका, दोन्ही सारख्याच दिसायल्या. मग एवढा फरक कामून?” तिनं विचारलं.

आमच्याकडं मोठी रक्कम आली की मनातल्या मनात तिचं सोयाबीन होतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे स्क्वायर साडेपाच-सहा क्विंटलची आणि फेंडर सदतीस-अडतीस क्विंटलची. एकीला बरं पिकलेलं एकरभर रान पुरतं, दुसरीला पाच-सहा एकर लागतात. तेही मोंढ्यात हमीभाव हाती पडला तर.

गंमत अशी की, आज जिच्यासाठी लाख मोजायचे ती गिटार जन्मली तीच काटकसरीतून. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्यानं फुलर्टनला दुकान टाकलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणारे तक्रारी घेऊन येत आणि तो त्या ऐकून घेई. गिटारची मान अंगाला सरसानं चिकटवायची जुनी रीत त्यानं सोडली आणि ती स्क्रूनं आवळली. बिघडली तर काढा, दुसरी बसवा. १९५४ मध्ये बाजारात आलेली स्ट्रॅटोकॅस्टर ही अशी सुट्या भागांची, कारखान्यात भराभर जुळणारी वस्तू होती. पुढं वाजवणाऱ्यांनी तिला मोठं केलं. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या हातात पांढरी स्ट्रॅटोकॅस्टर होती, आणि तिची किंमत कारखान्याच्या हिशेबाबाहेर गेली.

१९६५ मध्ये फेंडरनं स्क्वायर ही तारा बनवणारी कंपनी घेतली आणि त्याच वर्षी फेंडर स्वतः सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली गेली. नंतर जपानी कारखाने स्ट्रॅटोकॅस्टरच्या इतक्या उत्तम नकला करू लागले की, १९८२ मध्ये फेंडरनं जपानातच, स्क्वायरच्या नावानं, स्वतःची स्वस्त आवृत्ती काढली. नक्कल मूळ घरातच नांदायला आली.

मग पैसा जातो कुठं? पोलादाची तार चुंबकासमोर थरथरते, चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, त्यांत वीज जागी होते आणि अॅम्प्लिफायर तिचा आवाज करतो. पिकअपची ही किमया दोन्ही गिटारींत एकच. महागडीत अल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात, बऱ्याच स्वस्त पिकअपमध्ये सिरॅमिकचे. कान तयार असेल तर तो फरक कळतो. मोठा भाग जातो मजुरीत आणि हातकामात: फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांच्या, कडा किती निगुतीनं घासल्या, तारा ताणायच्या खुंट्या किती घट्ट आहेत. आणि थोडा जातो शिसवात. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, वाद्यालाही सरहद्द ओलांडताना कागद लागू लागले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. पण तोवर राबणाऱ्या ऐनाला गिटारीवर जागा मिळून गेली होती.

आमच्या हवेत हातकामाची परीक्षा लवकर होते. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळीसच्या पुढं जातं, लाकूड आकसतं आणि फ्रेटची धातूची टोकं मानेच्या कडेला बाहेर येऊन तळव्याला बोचतात. पावसाळ्यात तेच लाकूड पाणी पितं, मान हलते, सूर हलतो. महाग असो की स्वस्त, लाकूड ते लाकूड. मृदंगवाल्यांना हे सांगावं लागत नाही. श्रावणात पुडी उतरते हे त्यांच्या हातांना ठाऊक असतं.

आणि महाग की स्वस्त हा प्रश्न अहमदपूरला नवाही नाही. वीरशैव संतकवी मन्मथस्वामींचे अभंग गाणाऱ्या भजनी मंडळींनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेताना तो कितीदा सोडवला आहे. जर्मन सूर घ्यायचे की गुजरातेतल्या पालिताण्याचे? सुरांचे खर्ज-नर हे दोन संच पुरे, की मादीही हवी? एका जुन्या पेटीवाल्यांना मी पुतणीची अडचण सांगितली. गिटार त्यांनी टीव्हीवरच पाहिलेली. थोडा वेळ भाता नुसताच हलवत राहिले, मग म्हणाले, “रातभर भजन झाल्यावर पहाटंला पेटी सुरात ऱ्हायली पायजे. मंग ती कुठलीबी असू द्या.”

मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. पुतणीला म्हटलं, स्क्वायर घे. पण आधी मानेच्या कडेवरून तळवा फिरव, बोचत असेल तर दुसरी माग. तारा जोरात ओढून सोड आणि सूर जागेवर येतो का पाहा. प्रत्येक फ्रेटवर तार दाब, कुठं खरखरते का ऐक. उरलेल्या पैशातून चांगला अॅम्प घे, जाणकाराकडून गिटार नीट बसवून घे आणि वर्षभराची शिकवणी लाव. शिसवाची गिटार कुठं पळून जात नाही.

वाद्य निवडणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. नावावर वाचवा, सुरावर वाचवू नका. आणि ज्या दिवशी तुमचा हात बिनचूक असूनही वाद्य कमी पडतंय हे तुमच्याच कानाला पटेल, त्या दिवशी खुशाल महागडं घ्या. तोवर ऐन पुरेसा आहे.