धारेचा हिशेब

धार दगडावर चढते. पण ती टिकणार किती, हे पट्ट्यावर ठरतं. आजोबांची दाढी करायला येणारे न्हावीकाका धोकटीतून जोडपट्टा काढून खिडकीच्या गजाला अडकवत. आधी जाड कापडाची बाजू, मग चामड्याची. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचलं की पाठीवरच पातं उलटायचं. पट्टा मात्र ताठ हवा. ढिल्या चामड्यात पातं रुततं, चामडं धारेला वेढतं आणि तिची कड गोल करून टाकतं.

वडिलांच्या काळात वस्तरा गेला, पाती आली. जिलेटला १९०४ मध्ये पेटंट मिळालं ते अशाच, पातं बदलता येणाऱ्या रेझरचं. वापरा आणि फेका, ही त्यामागची कल्पना आमच्या घरात काही रुजली नाही. बोथट झालेलं पातं वडील काचेच्या पेल्यात आतून दाबून घासत आणि आणखी काही दिवस चालवत.

केसाने पोलाद बोथट होतंच कसं? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’मध्ये त्याचं उत्तर दिलं. केस पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ. तरी तो वाकला की तिरका ताण येऊन धारेचे सूक्ष्म टवके उडू शकतात. धारेची कड नुसती वाकली असेल तर साधं चामडं ती सरळ करतं. टवका भरून काढणं त्याच्या हातात नसतं. तिथे पोलाद झिजवणारं काहीतरी लागतं.

मी लाकडाचे ठसे कोरू लागलो तेव्हा या ‘काहीतरी’शी गाठ पडली. चामड्यावर घासायच्या हिरव्या वडीतले क्रोमियम ऑक्साइडचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, हिऱ्याच्या पेस्टमधले पाव मायक्रॉनपर्यंत बारीक. हिरा झपाट्याने कापतो. लाल रूज झिलईपुरतं बरं. पण कुठलीही एकच पेस्ट मऊ चामड्यावर धार गोल करते, एमडीएफच्या फळीवर कोन जसाच्या तसा ठेवते. म्हणून मी आधी पेस्टखाली काय आहे ते बघतो. पटाशीसाठी फळीला चिकटवलेलं पातळ, कडक चामडं; गोल पटाशीच्या पोटासाठी चामडं गुंडाळलेली काठी.

रोज कोरं चामडं वापरतो आणि त्याने भागेना, तेव्हाच पेस्ट. ती काम लवकर करते, पण दर खेपेला थोडं पोलाद घेऊन जाते. हत्यार आयुष्यभर पुरवायचं तर हा खर्च वडिलांसारखाच हात आखडून केलेला बरा.