राक्षसांची विद्या आणि माणसांची विद्या

अद्भुत कथांविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, त्या मुलांनीं वाचाव्या आणि मोठेपणीं विसरून जाव्या. दुसरें असें कीं, त्या मुलांनींही वाचूं नयेत, कारण त्यांनीं बुद्धि मंद होते. आम्हांस यांपैकीं एकही मत मान्य नाहीं. राक्षस, माणूस आणि जादू या तिघांची ज्या गोष्टींत गांठ पडते ती गोष्ट, रचणाराच्या मनांत असो वा नसो, माणूस म्हणजे काय याविषयीं कांहीं तरी ठरवून गेलेली असते. तें ठरविणें योग्य झालें कीं नाहीं हें पाहणें प्रौढ वाचकाचें काम आहे, आणि तेंच आज थोडेंसें करण्याचा आमचा विचार आहे.

लहानपणीं आजीच्या तोंडून आम्हीं ज्या गोष्टी ऐकिल्या त्यांतील राक्षस मोठा साधा प्राणी असे. त्याला माणसाचा वास येई, भूक लागे, आणि त्याचा प्राण साता समुद्रांपलीकडे पिंजऱ्यांतल्या पोपटांत असे. त्याचें सामर्थ्य जन्मजात. तें वाढत नसे, घटतही नसे. राजपुत्रानें पोपटाची मान मुरगळली कीं राक्षस संपला आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही संपली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणिलेल्या अरबी गोष्टींतही हाच प्रकार दिसतो. शेंकडों वर्षें भांड्यांत कोंडलेला जिन कोळ्यापुढें प्रगट होतो तेव्हां त्याचें सामर्थ्य जसेंच्या तसें असतें. कोळी त्याला युक्तीनें पुन्हां आंत घालतो हें खरें. पण जिनाची विद्या कोळी शिकला, असें कांहीं तेथें होत नाहीं.

आमच्या महाभारतांत मात्र याहून खोल विचार आढळतो. संजीवनी विद्या असुरांच्या गुरूजवळ, शुक्राचार्यांजवळ. देवांजवळ ती नाहीं. म्हणून बृहस्पतीचा पुत्र कच शत्रूच्या घरीं शिष्य होऊन राहतो. असुर त्याला तीनदां मारतात. तिसऱ्या खेपेस ते त्याची राख मद्यांत कालवून गुरूलाच पाजतात; आणि अखेर आपल्या पोटांतल्या शिष्याला ती विद्या शिकविल्यावांचून शुक्राचार्यांना गत्यंतर उरत नाहीं. खाडिलकरांनीं १९१३ सालीं या कथेवर ‘विद्याहरण’ नाटक रचलें, त्यांत मद्यपानाच्या अनर्थाला प्राधान्य मिळालें. आम्हांला त्या कथेचा शेवट अधिक मोलाचा वाटतो. देवयानी कचाला शाप देते कीं ही विद्या तुला फळणार नाहीं. कच म्हणतो, मला न फळो, मी जिला शिकवीन त्या पिढीला फळेल, अशा आशयाचें. विद्या एकाच्या प्राणाशीं बांधलेली नसते, ती हातांतून हातांत जाते, ही जाणीव येथें स्पष्ट आहे.

हें सारें पुन्हां आठवलें तें एका जपानी चित्रकथेमुळें. कानेहितो यामादा यांनीं लिहिलेली व त्सुकासा आबे यांनीं चितारलेली ‘सोसो नो फ्रीरेन’ ही कथा २०२० च्या एप्रिलांत ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकांत सुरू झाली. २०२३ च्या सप्टेंबरांत तिची चलच्चित्रमाला निघाली, आणि आमच्या नातीनें ती आमच्या घरीं आणली. इतर गोष्टी जेथें संपतात तेथें ही सुरू होते. चौघांनीं दहा वर्षें प्रवास करून राक्षसांच्या राजाला मारलें आहे. पुढें पन्नास वर्षांनीं त्यांचा नायक हिमेल म्हातारा होऊन मरतो. चौघांतील जादूगारीण फ्रीरेन ही एल्फ या दीर्घायुषी जातीची, हजार वर्षांहून अधिक जगलेली. दहा वर्षें बरोबर असूनही आपण या माणसाला ओळखून घेतलें नाहीं, हें तिला त्याच्या प्रेतापाशीं उमगतें, आणि पुढें फर्न नांवाच्या शिष्येला घेऊन ती पुन्हां वाटेला लागते.

वाटेंत एका गांवाजवळ क्वाल नांवाचा राक्षस ऐंशी वर्षें बंधनांत पडलेला आहे. त्यानें एक मारक मंत्र शोधून काढला होता. त्या काळचें कोणतेंही चिलखत, कोणतीही संरक्षक विद्या त्यापुढें टिकत नसे. हिमेलच्या मंडळींनाही त्याला ठार करतां आलें नाहीं, म्हणून त्यांनीं त्याला कोंडलें. आतां तें बंधन सुटतें. क्वाल तोच मंत्र टाकतो, आणि कोवळ्या वयाची फर्न तो सहज अडविते! कारण मधल्या काळांत माणसांनीं त्या मंत्राची उकल केली, त्यावर तोडगा बसविला, आणि अखेर तोच मंत्र शिकाऊ जादूगारांचा रोजचा मंत्र होऊन बसला. क्वाल मूर्ख नव्हे. संरक्षक विद्या दृष्टीस पडतांच तिचें मर्म आणि तिची उणीव दोन्ही त्याच्या ध्यानांत येतात. पण एकट्याची बुद्धि कितीही तीक्ष्ण असली तरी ऐंशी वर्षांचें असंख्यांचें काम तिला एका क्षणांत भरून काढतां येत नाहीं. अरबी जिन बाहेर आला तेव्हां जग जेथल्या तेथें होतें. क्वाल बाहेर आला तेव्हां जग पुढें निघून गेलेलें होतें.

ही प्रगति निव्वळ आनंदाची आहे असें मात्र नव्हे. माणसें मारण्यासाठीं जन्मलेला मंत्र आतां माणसांच्याच मुठींत आहे. इतिहासांतही असेंच घडत आलें आहे. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें तेव्हां म्हैसूरचे अग्निबाण इंग्रजांच्या हातीं लागले. त्यांवरून विल्यम काँग्रीव्ह यांनीं नवे बाण तयार केले, आणि १८०७ सालीं ते कोपनहेगन शहरावर जाऊन पडले. शत्रूची विद्या शिकणें एक आणि शत्रूसारखें न होणें दुसरें. पहिलें साधलें म्हणजे दुसरें आपोआप साधतें, असा भरंवसा कोणी बाळगूं नये.

पण आमची नात जेथें अडली तें स्थळ निराळें. या कथेंतील राक्षस मुळांत माणसाच्या आवाजाची नक्कल करून त्याला भक्ष्य करणाऱ्या श्वापदांपासून निपजलेले आहेत. ते माणसासारखे दिसतात, गोड बोलतात. पण शब्द हें त्यांचें केवळ जाळें. एका गांवीं राक्षसाच्या पोरीनें एक मूल खाल्लें. तिच्यावर शस्त्र उगारलें तेव्हां तिनें आईच्या नांवानें हांक मारली, आणि हिमेलचा हात थांबला. गांवच्या मुख्यानें तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. पुढें तिनें त्यालाच मारलें, आणि त्याची मुलगी, मूल गमावलेल्या त्या बाईला, भरपाई म्हणून देऊं केली! राक्षसांत मुलांना कोणी सांभाळीत नाहीं. मग ‘आई’ हा शब्द कां उच्चारलास, असें विचारल्यावर तिचें उत्तर इतकेंच, कीं तो शब्द ऐकला म्हणजे माणसें मारावयाचीं थांबतात. नातीनें विचारलें, “आजोबा, म्हणजे पहिल्यांदाच तिला मारायला हवं होतं का?” आम्ही बराच वेळ गप्प होतों.

कथेच्या चौकटींत उत्तर ‘होय’ असेंच आहे. लेखकानें रचनाच तशी केली आहे. पण त्या उत्तराचें आम्हांस भय वाटतें. अमका अमक्या कुळांतला, म्हणून जन्मतःच दुष्ट. त्याचे अश्रू खोटे, त्याची हांक खोटी, ही भाषा माणसांनीं माणसांविषयीं पुष्कळदां वापरली आहे, आणि तिचे परिणाम विसाव्या शतकानें पुरते पाहिले आहेत. १९५४-५५ सालीं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रसिद्ध करणारे टोल्किन यांनाही, आपले ऑर्क सर्वथा उद्धाराबाहेरचे मानावे कीं काय, हा प्रश्न पुढें सतावीत राहिला. आमच्या पुराणांनीं या बाबतींत दार उघडें ठेविलें आहे. प्रल्हाद दैत्याच्या घरीं जन्मला. दिवाळींत ज्याचें राज्य येवो अशी इच्छा आमच्या घरांतून बोलून दाखवितात तो बळीही दैत्यच. आणि हिडिंबेचा पुत्र घटोत्कच पांडवांसाठीं लढतां लढतां कर्णाच्या शक्तीनें पडला, तेव्हां अर्जुन वांचला म्हणून हर्ष झाला तो कृष्णाला! त्या रात्रीं राक्षस कोण आणि माणूस कोण, हें व्यासांनीं वाचकांवर सोपविलें आहे.

तथापि फ्रीरेनच्या कथेला आम्ही विषारी म्हणणार नाहीं. तिच्यांत राक्षस आणि माणूस यांमधील जो भेद अखेर कामास येतो तो रक्ताचा नसून संगोपनाचा आहे. राक्षस दीर्घकाळ जगतो, एकाच मंत्राचा जन्मभर ध्यास घेतो, आणि आपल्या विद्येच्या गर्वांत एकटाच राहतो. माणूस थोडे दिवस जगतो, म्हणून त्याला शिकवून ठेवावें लागतें. फ्रीरेनची गुरु फ्लामे ही मानवी जादूचें युगप्रवर्तन करणारी. पण तिची सर्वांत आवडती विद्या कोणती, तर माळरान फुलांनीं भरून टाकण्याची, आणि ती तिला आईवडिलांनीं शिकविलेली. फर्न ही युद्धांत पोरकी झालेली मुलगी. हिमेलच्या मंडळींतील हायटर या धर्मोपदेशकानें तिला वाढविलें, आणि क्वालचा मंत्र अडविला तो तिनें. ‘आई’ हा शब्द राक्षसाच्या पोरीला केवळ ढालीसारखा उपयोगी पडला. त्याच शब्दांतून माणसांची विद्या वाढते, हें तिला कळण्याजोगें नव्हतें.

नातीला आम्हीं एवढेंच सांगितलें: पुस्तकांतल्या राक्षसाला चित्रकारानें शिंगें काढून दिलीं आहेत, म्हणून तेथें निवाडा सोपा आहे. आपल्या आसपासच्या माणसांना शिंगें नसतात. तेथें हात थांबविणें हाच धर्म. आणि त्या धर्माची किंमत कधीं कधीं गांवच्या त्या मुख्यासारखी मोजावी लागते, हेंही आम्हीं तिच्यापासून लपविलें नाहीं. तिला तें पुरतें पटलें असें दिसलें नाहीं. पटावयाला अजून वेळ आहे. तोंपर्यंत अशा गोष्टी मुलांनीं अवश्य वाचाव्या. मात्र घरांतल्या एखाद्या वडील माणसानें त्या त्यांच्याबरोबर वाचाव्या, म्हणजे असा प्रश्न मुलाच्या मनांत उभा राहील तेव्हां तो विचारावयास जवळ कोणी तरी असेल.