हेल काढू नकोस

१९८८ साली बारावी करून मी गारगोटीजवळच्या आमच्या गावातून पुण्याला आले आणि पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या नाट्यमंडळाच्या तालमीला गेले. दाराशी चपलांचा ढीग, आत वीसेक मुलं-मुली जमिनीवर गोल करून बसलेली. मला उशीर झाला होता. दारातूनच म्हणाले, "मी आलो."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "आलास का? ये, बस."

काय चुकलं हे मला कळायला बराच वेळ लागला. आमच्याकडं बायका असंच बोलतात. आई रानातून आली की "मी आलो" म्हणते, आजी "मी जेवलो" म्हणायची, शेजारची काकू दळण टाकायला निघाली की "मी जातो गिरणीला" असं सांगून जायची. कोल्हापूरकडं, सांगलीच्या काही भागात, बेळगावकडं बाई स्वतःबद्दल बोलताना सर्रास पुल्लिंगात बोलते. त्यानं तिचं बाईपण कमी होतंय असं तिकडं कुणाला वाटत नाही. पुण्यात मात्र त्या दिवसापासून दोन वर्षं माझं नाव 'आलो' पडलं.

मग दिग्दर्शकानं, म्हणजे आमच्यापेक्षा दोन वर्षं पुढं असलेल्या एका मुलानं, मला एक उतारा वाचायला दिला. मी वाचला. तो म्हणाला, "आवाज चांगला आहे गं. पण हेल काढू नकोस."

हेल हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझा ण शाबूत होता, ळ तर ठणठणीत. आणि-पाणी-लोणी ही पुण्यातली परीक्षा मी सहज पास झाले, आणि याचा मला पुढं फार अभिमान वाटत राहिला (त्या अभिमानाचं काय झालं ते शेवटी सांगते). भानगड होती वाक्याच्या शेपटीची. पुण्यातलं वाक्य शेवटी खाली उतरतं आणि थांबतं. आमचं शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळतं, वर जातं, आणि जाता जाता एक 'की' सोडून जातं. 'जेवलो की.' 'सांगितलंय की.' तो 'की' काढून टाकला तरी त्याची जागा तशीच राहते, आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर ऐकू येते.

त्या वर्षी आमची एकांकिका ग्रामीण होती. मला वाटलं, आता तरी. पण नायिका झाली पेठेतली एक मुलगी, आणि मला काम मिळालं तिला बोली शिकवायचं. तीन आठवडे मी तिच्यासोबत वाड्याच्या मागच्या जिन्यावर बसून 'व्हय की', 'न्हाई बा', 'कुठं चाललाईसा' घोटून घेतलं. मुलगी हुशार होती आणि स्वभावानं गोड. स्पर्धेत तिला वाचिक अभिनयाचं बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. तिनं काढलेला हेल अभिनय ठरला होता. मला त्याच नाटकात एक वाक्य होतं, पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्या बाईचं.

पुढं 'ती फुलराणी'बद्दल वाचताना मला ती मुलगी आठवायची. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली हे नाटक केलं आणि भक्ती बर्वेंनी त्यातली फुलवाली मंजुळा अशी उभी केली की आजही फुलराणी म्हटलं की लोकांच्या कानात त्यांचाच आवाज येतो. अफाट काम, यात वाद नाही. पण प्रेक्षकाच्या त्या आनंदात एक गोष्ट आधीपासून मुरलेली असते. समोरची नटी मुळात उत्तम, स्वच्छ मराठी बोलणारी आहे, दूरदर्शनवर निवेदन करणारी आहे, हे त्याला ठाऊक असतं. तिचं अशुद्ध बोलणं ही तिची करामत असते. खरोखर फुलं विकणारी एखादी बाई त्याच भाषेत रंगमंचावर आली असती, तर तिच्या करामतीला कुणी दाद दिली असती?

आता थोडं मागं जाते.

गावची म्हाई, म्हणजे जत्रा असली की तंबूतला सिनेमा यायचा. पडद्याच्या अलीकडं बसायचं तिकीट वेगळं, पलीकडं बसलात तर अक्षरं उलटी पण पैसे कमी. आवाज मात्र दोन्हीकडं सारखा, कर्ण्यातून अख्ख्या माळावर. निळू फुले मी आधी ऐकले आणि मग पाहिले, कारण तंबूत शिरायच्या आधीच तो आवाज चिंचेखाली येऊन पोचायचा. घाई नसलेला, थोडा नाकात, वाक्याचं शेवटचं अक्षर गिळून टाकणारा. समोरच्यानं कान देऊन ऐकावं म्हणून मुद्दाम हळू बोलणारा. आमच्या गावात एक पाटील खरोखर तसे बोलायचे. निदान मला तसं वाटायचं. आता शंका येते की ते सिनेमा बघून तसे बोलायला लागले असतील. आई मात्र पडद्याकडं बघून बोटं मोडायची. "मुडदा बशिवला ह्याचा," म्हणायची, आणि पुढच्या म्हाईला पुन्हा तोच सिनेमा बघायला यायची.

निळूभाऊ पुण्याचे होते हे मला पुण्यात आल्यावर कळलं. जन्म पुण्याचा, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेलं, आणि अभिनयाची तालीम राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. म्हणजे आमच्या माळावरचा तो रगेल आवाज पुण्यातल्या एका सज्जन समाजवाद्यानं घडवला होता. मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. मग 'सामना' पुन्हा पाहिला. १९७५ चा, तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. त्यात हिंदुराव धोंडे पाटील आणि मास्तर समोरासमोर येतात, तेव्हा दोन माणसांइतकीच दोन मराठीही समोरासमोर येतात. एक सहकारी साखर कारखान्याच्या गादीवरून बोलणारी, एक पुस्तकातून आलेली. मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू मूळचे साताऱ्याचे, शिक्षण पुण्यात, व्यवसायानं कान-नाक-घशाचे डॉक्टर. म्हणजे ज्याच्या आवाजाला आपण गावचा मानतो तो पुण्याचा, आणि ज्याला शहरी मानतो त्याचा जन्म साताऱ्याचा. दोघांनीही आपापला आवाज कमावलेला. तरी आजपर्यंत मी अनेकांना "लागूंचा आवाज!" असं म्हणताना ऐकलंय, आणि निळूभाऊंचा विषय निघाला की तेच लोक मान तिरकी करून त्यांची नक्कल करायला लागतात. 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस, तो शांतपणे सगळं बघणारा पत्रकार, निळूभाऊंनीच केला. त्यात गावचा हेल औषधालासुद्धा नाही. त्याची नक्कल करणारा नकलाकार मी अजून पाहिला नाही.

मुंबईत नोकरीला असताना माझी खोलीतली सोबतीण कणकवलीची होती. तिनं मला 'वस्त्रहरण'ला नेलं. गंगाराम गवाणकरांचं १९८० चं नाटक, पाच हजारांवर प्रयोग झालेलं. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच रंगमंचावर आला आणि माझ्या आजूबाजूची माणसं वाक्य संपायच्या आतच हसू लागली. मला निम्मं कळत नव्हतं. पण त्या नाटकातली खरी गंमत मला कळली ती अशी, की गावातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचं पौराणिक नाटक बसवतात, भरजरी मराठीची वाक्यं पाठ करतात, आणि त्या वाक्यांच्या फटीफटीतून मालवणी बाहेर येत राहते. जिन्यावर बसून पेठेतल्या मुलीला मी जे शिकवलं होतं त्याच्या बरोबर उलटं. नाटक सुटल्यावर सोबतिणीला म्हणाले, "काय टायमिंग आहे गं त्या माणसाचं." ती म्हणाली, "टायमिंग काय त्यात? आमचे काका असेच बोलतात."

ह्याच मैत्रिणीनं पुढं २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' पाहून मला फोन केला होता. म्हणे, ही आमची मालवणी नव्हे, पाणी घातलेली आहे. मालिकांचं म्हणाल तर पाणी बहुतेक ठिकाणी घातलेलं असतं. चार 'रं', दोन 'लय', एक 'जी' आणि प्रत्येक क्रियापदाला एक 'या' लावला की 'ग्रामीण' नावाची एक बोली तयार होते. ती कुठल्याही एसटी स्टँडवर बोलली जात नाही, पण पडद्यावर चंदगडपासून चांदुरापर्यंत चालते. आणि मग मकरंद अनासपुरे मराठवाड्याचा, भारत गणेशपुरे वऱ्हाडातला अस्सल सूर घेऊन येतात, तेव्हा लोक नुसत्या त्या सुरालाच हसतात, विनोद यायच्या आधी. माझा अमरावतीचा सहकारी यावर चिडायचा. "आमच्या भाषेत माणसं मरत नाहीत काय हो? सदान्‌कदा हसूनच राहतात काय?" २०१८ ला 'नाळ' आला. त्यातला चैत्या वऱ्हाडीत बोलतो, रुसतो, आई शोधतो. सहकारी एकटा जाऊन पाहून आला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यावर काहीच बोलला नाही, भाजी मात्र पूर्ण संपवली.

'सैराट' मी आईबरोबर पाहिला, कोल्हापुरात, मे महिन्यातल्या दुपारच्या खेळाला. आई तेव्हा सत्तरीची. आर्ची बुलेटवरून आली, रांगड्या आवाजात बोलू लागली आणि थिएटर दणाणलं. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मी रिंकू राजगुरूचे उच्चार तपासत होते. इथं ण गेला, इथं शब्द अर्धा खाल्ला, इथं जरा सावकाश बोलायला हवं होतं. अकलूजची पोरगी, पहिलाच सिनेमा, राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनी विशेष उल्लेख केलेली, आणि मी इथं खुर्चीत बसून तिला माझ्या त्या दिग्दर्शकाच्या कानांनी ऐकत होते. जिन्यावरची तालीम माझ्यावर उलटी चढली होती.

मध्यंतरात आईला विचारलं, "कसं करतीय गं ती?"

"कोण?"

"आर्ची. अ‍ॅक्टिंग कशी आहे?"

आईनं वेफर्सचं पाकीट दातानं फाडलं. "ह्यात अ‍ॅक्टिंग कुठं हाय? पोरगी बोलालीया नुसती." मग जरा थांबून म्हणाली, "पर ही आपल्याकडची न्हवं. सोलापूरकडची दिसतीया." मला जी सगळी मिळून एक 'गावची भाषा' ऐकू येत होती, तिच्यात आईला जिल्हा ऐकू आला होता. आणि आईच्या तोंडून 'बोलालीया नुसती' ही रिंकूला मिळालेली सगळ्यात मोठी दाद होती, पण आईच्या हिशेबी ती दाद नव्हतीच. लागूंबद्दल ती म्हणायची, "आवाज काय हाय गड्याचा." आपल्यासारखं बोलणाऱ्याला आवाज असतो हे तिलाही कधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

दोन वर्षांनी त्याच सिनेमाचा हिंदी अवतार 'धडक' आला. कथा उदयपूरला गेली. मी पाहिला, पण उदयपूरचा माणूस त्यातलं बोलणं ऐकून काय म्हणाला असेल हे मला सांगता येणार नाही. मला ते ठीक वाटलं. परक्याचा हेल आपल्याला नेहमीच ठीक वाटतो.

आता त्या ण बद्दल.

'सैराट'च्या दोन वर्षं आधी मला शालेय नाट्यस्पर्धेत परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तिघं परीक्षक, पुढ्यात पाण्याची बाटली आणि छापील तक्ता, आंगिक, वाचिक, नेपथ्य वगैरे रकाने. एका नाटकात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा न्यायाधीश झाला होता. वडिलांचा असावा असा कोट, बाह्या मनगटाच्या खाली गेलेल्या. त्यानं साक्षीदाराकडं बघितलं, चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, परत घातला. हे सगळं कुणी शिकवल्यासारखं वाटत नव्हतं. सभागृह गप्प झालं. मग तो शांतपणे म्हणाला, "साक्षीदाराला पानी द्या."

मला न ऐकू आला. त्यानंतर त्या मुलाचं मी काही ऐकलंच नाही. तक्त्यात शेरा लिहिला, 'उच्चार भूमिकेला शोभणारे नाहीत.'

घरी परतताना रिक्षात मला मामा आठवला. मामा तालुक्याच्या कोर्टात शिरस्तेदार होता आणि रात्री जेवण झालं की आम्हा पोरांना बदलून आलेल्या जजसाहेबांच्या नकला करून दाखवायचा. एक साहेब लातूरकडचे, भर कोर्टात वकिलाला "काय करायलाव तुम्ही?" म्हणून झापणारे. एक अकोल्याचे, "काऊन हो वकीलसाहेब" म्हणून सुरुवात करणारे. एक कोकणातले. मामाच्या तीस वर्षांच्या नोकरीत बातम्या वाचल्यासारखा बोलणारा जज एकच आला होता, आणि त्याची नक्कल मामाला जमायची नाही.

मार्कांचे तक्ते तोवर संयोजकांच्या पाकिटात बंद झाले होते. वाचिक अभिनय, दहापैकी चार.