फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर असलेला कॉम्प्युटर चालू होईनासा झाला, की ‘विंडोज उडालं’ म्हणतात आणि लगेच फॉरमॅट मारायची भाषा सुरू होते. माझं ठाम मत आहे की अशा वेळी बहुधा काहीच उडालेलं नसतं. फायली जागच्या जागी असतात, फक्त त्यांच्यापर्यंत जायचा पत्ता चुकलेला असतो. जुन्या बायोस पद्धतीत हा पत्ता डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये असतो. हा सेक्टर 512 बाइटांचा. त्यात 446 बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, 64 बाइट चार पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे 2 खुणेला. लिनक्स असलेल्या डिस्कवर मागाहून विंडोज टाकलं, की ते पहिला प्रोग्रॅम बदलतं आणि ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा मेनू दिसेनासा होतो, पण लिनक्सच्या पार्टिशनला धक्काही लागलेला नसतो. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या यंत्रांत तर भांडणाचं कारणच कमी आहे. फॅट-32 च्या एका छोट्या पार्टिशनमध्ये दोघांचे लोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतात आणि आधी कोण, हा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत असतो. एखाद्या अपडेटने किंवा बायोस रीसेट केल्याने क्रम बदलला, तर तो सेटअपमध्ये जाऊन परत लावला की झालं.

म्हणून दुरुस्तीत आधी वाचायचं, डिस्कवर काही लिहायचं ते नंतर. यंत्र कुठवर येऊन थांबलं हे स्क्रीन सांगत असते. ‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला, तर फर्मवेअर ठीक, डिस्क दिसते, ग्रबचा पहिला भागही चालला. त्याला पुढची मॉड्यूल्स तेवढी सापडत नाहीत. विंडोजमधून पार्टिशन उडवल्यावर किंवा त्यांचे क्रमांक बदलल्यावर असं होतं. तिथे ‘एलएस’ टाइप केलं की पार्टिशनची यादी येते. एकेक उघडून पाहिलं की ‘बूट’ फोल्डर कशात आहे ते कळतं. नुसताच ‘ग्रब’ प्रॉम्प्ट आला, तर मॉड्यूल्स मिळाली आहेत, मेनूची फाइल मिळालेली नाही. आणि मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, तर तो वेगळाच प्रकार: 2021 च्या ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टीमचा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो, सेटिंगमधली एक ओळ बदलून मेनू पुन्हा तयार करावा लागतो. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या अपडेटनंतर कित्येक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना, तेव्हा स्क्रीनवर सिक्युरिटी पॉलिसीचा भंग झाल्याचं स्पष्ट लिहून येत होतं. मान्यता असलेलाच लोडर चालू देणाऱ्या सिक्युअर बूटने जुना लोडर नाकारला होता. तिथे फॉरमॅट मारून काय मिळणार होतं?

एवढं कशाला, आपोआप दुरुस्ती करणारी साधनं आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि चांगली आहेत. पण ती तुम्ही जसं यंत्र चालू केलंत तसंच ते आहे असं धरून चालतात. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने बूट केला आणि यंत्र यूईएफआयचं असलं, तर साधन भलत्याच ठिकाणी ग्रब बसवू शकतं. लाइव्ह लिनक्समध्ये ‘सिस’च्या ‘फर्मवेअर’ फोल्डरात ‘ईएफआय’ दिसतं का, एवढं पाहिलं तरी हा घोळ टळतो. तसंच सिक्युअर बूट सरसकट बंद करण्याचं. डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर विंडोज 48 आकडी की मागू शकतं, आणि बिटलॉकर चालू आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. आधी की शोधून ठेवावी, मग सेटिंगला हात लावावा.

गिऱ्हाइकाला घाई असते, हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराचा मुद्दा खरा आहे. पण फॉरमॅटचा हिशेब विंडोज टाकण्यापाशी संपत नाही. सॉफ्टवेअर, प्रिंटर, टॅली, फोटो हे सगळं परत बसवण्याचा वेळ गिऱ्हाइकाच्याच माथी येतो, आणि जे बसवता येत नाही ते गेलंच. एक अपवाद मात्र मान्य. डिस्कच खराब होत असेल, ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्व-तपासणीत वाचता न येणारे सेक्टर वाढत असतील, तर बूटच्या नादी लागू नये. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावा आणि ती डिस्क बदलावी.